राजाच्या हद्दीतली कवळी

आमच्या नॉर्थम्बरलँडच्या किनाऱ्यावर आम्ही चारपाच म्हाताऱ्या रोज सकाळी समुद्रात डुंबतो. पाण्यात शिरायच्या आधी कवळी काढून बुटात ठेवायची, हा आमचा रिवाज. पण त्या शुक्रवारी गावात नवे आलेले डॉक्टर पोहायला उतरले होते, म्हणून मी ठरवलं, आज दात तोंडातच राहू देत. (सत्तरी उलटली म्हणून काय झालं?) मी डॉक्टरांकडे बघून तोंडभर हसले, तेवढ्यात लाट आली, मी किंचाळले आणि वरची कवळी गेली समुद्रात!

दुसऱ्या दिवशी नातीचं, रोवेनाचं लग्न. आमच्या घरातल्या प्रत्येक लग्नात जेवणाच्या वेळी माझं भाषण ठरलेलं. महिनाभर मी ते कोंबड्यांपुढे घोकलं होतं. आता बोलायचं कसं?

धावत घरी आले. नेडला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, तिसऱ्यांदा सांगितलं तेव्हा कुठे कळलं. आणि काय सांगू, स्वारीचा चेहरा उजळला!

"कवळीला धातूची पट्टी आहे ना गं?"

"आहे की."

"मग माझा मेटल डिटेक्टर कशाला आहे? पाण्यातसुद्धा चालतो!" (आजवर त्याने बाटल्यांच्या झाकणांपलीकडे काही शोधलेलं नाही.)

ओहोटी लागेपर्यंत अर्धं गाव किनाऱ्यावर जमलं. नेड यंत्र हातात धरून सेनापतीसारखा निघाला. एक पाय पाण्यात टाकतोय तोच किनारा-रक्षक दलातली मेव्हिस ओरडत आली, "ए नेड! मागे हो!"

"का गं बाई?"

"वाळूवर हवं तेवढं फिरव. ओहोटीची रेघ ओलांडलीस की समुद्राचा तळ. तो राजाच्या खात्याचा. तिथे यंत्र चालवायला परवानगी नाही."

"अगं, पण दात माझ्या बायकोचे आहेत!"

"दात तिचे. तळ राजाचा."

"राजा काय माझ्या दातांनी जेवणार आहे?" मी मधेच म्हटलं. (कुणाला समजलं नाही ते बरंच झालं.)

"रेघ कुठाय ती दाखव," नेड म्हणाला.

"नकाशावर."

"मग आत्ता माझा कुठला पाय गुन्हेगार आहे, डावा की उजवा?"

झालं! पाववाला म्हणाला डावा, पोस्टमन म्हणाला दोन्ही. भांडण रंगात आलेलं असताना फेसाच्या अगदी काठावर यंत्र टीं टीं करून किंचाळलं. सगळ्यांच्या माना तिकडे वळल्या.

"पुढे एक पाऊल नाही!" मेव्हिस म्हणाली.

मी बोटांनी पाणी चाचपून दाखवलं.

"हाताला मनाई नाही गं आजी. पण जे सापडेल ते लपवायचं नाही, ज्याचं त्याला द्यायचं."

जिची कवळी ती मीच होते! नुकत्याच इस्त्री केलेल्या स्कर्टसकट मी लाटेत बसकण मारली. खेकडा हाताला लागला, डब्याचं झाकण लागलं, आणि मग गुलाबी गुलाबी हिरड्या! मी कवळी वर उचलली तसा गावाने एकच जल्लोष केला. शेवाळ झटकलं, खळखळून धुतली आणि तिथेच बसवली. जरा आवळत होती. गार पाण्यात आकसली असेल, म्हटलं.

लग्नात माझ्यासमोर नवरदेवाची आजी बसली होती, डॉरकस. शेजारच्या गावची, पहिल्यांदाच भेटत होतो. बाई सारखी माझ्या तोंडाकडे बघत होती. मला वाटलं, काय हे कौतुक! मी आणखी हसले. मग भाषणाला उभी राहिले, ग्लासवर चमचा वाजवला, तशी ती पुढे वाकून म्हणाली, "विहीणबाई, गेल्या उन्हाळ्यात तुमच्याच समुद्रात माझी कवळी पडली होती. डावीकडचा एक दात सोन्याचा होता."

सकाळी आरशात तो मला दिसला होता. खरं सांगते, समुद्रात राहून असं होत असेल असंच मला वाटलं!

पलीकडच्या टेबलावरून मेव्हिस म्हणाली, "आजी, ज्याचं त्याला."

मी तोंडावर रुमाल धरला आणि कवळी काढून दिली. डॉरकसने ती पुसली, बसवली आणि पाहुण्यांकडे बघून झकास हसली. मी खाली बसले. भाषण राहिलंच.

निघताना रोवेना गळ्यात पडून म्हणाली, "आजी, सगळे किती खूश आहेत! म्हणतात, आपल्या घरातलं वेळेत संपलेलं हे पहिलंच लग्न."