थोरलीचा खुराक

मी घसा फोडून सांगत होते, घोडीला जास्त होतंय, जास्त होतंय. पण चौथीपर्यंत शिकलेल्या बाईचं कुणी ऐकतं का? आमच्या घरात तरी नाही. (आमचे हे सातवी नापास. म्हणजे माझ्याहून तीन इयत्तांनी शहाणे.)

घोडीला आम्ही थोरली म्हणतो. ती माझ्या लग्नाआधीपासून या घरात आहे, म्हणून ती थोरली आणि मी धाकटी. हे सासूबाईंनी मी घरात पाऊल टाकलं त्याच दिवशी जाहीर केलं. बेकरीतून पाव उचलून दुकानोदुकानी पोचवायचे, हा ह्यांचा धंदा, आणि गाडीला थोरली. ती चालली तर घर चालतं. मी चालले काय न् बसले काय, कुणाला पत्ता नसतो.

सुरुवात नालबंदापासून झाली. नाल ठोकता ठोकता तो म्हणाला, "खूर जरा कोरडा दिसतोय. खनिजं कमी पडत असतील, बघा." बघा म्हणाला होता, ओता म्हणाला नव्हता. पण ह्यांनी त्याच संध्याकाळी पावडरीचा डबा आणला. त्यावरच्या घोड्याची आयाळ अशी झुपकेदार, की मलाच चमचाभर खावीशी वाटली.

आता आमच्या घरची एक रीत सांगते. 'घोडीला दिलं का?' असं इथे कुणी कुणाला विचारत नाही. विचारलं की 'नाही, तूच दे' असं उत्तर येतं आणि ते काम जन्मभर विचारणाऱ्याच्या गळ्यात पडतं. म्हणून ज्याला आठवेल तो गुपचूप देऊन मोकळा होतो. गवताच्या बाबतीत हे खपून जायचं. जास्त झालं तर थोरली गव्हाणीत उरवायची. पण खुराकात कालवलेली पावडर ती बिचारी कशी निवडणार?

सकाळी हे चमचा घालत. दुपारी भाऊजी, म्हणजे माझे दीर, 'खूर आणि केसांसाठी' अशा वेगळ्याच टॉनिकचा डबा आणून त्यातलं घालत. संध्याकाळी सासूबाई पुन्हा ह्यांच्याच डब्यातला चमचा घालत, तोही शीग लावून, कारण 'माझ्या लेकाचा हात पहिल्यापासून आखडता'. आणि मुळात खुराकाच्या पोत्यातच खनिजं मिसळलेली! तसं पोत्यावर छापलंय. मी एकेक अक्षर लावून वाचलं होतं.

"अहो, पोत्यातच आहे की सगळं. वरून आणखी कशाला?"

"तू घोड्यांची डॉक्टर कधी झालीस?"

"वाचता येतं मला."

"मग पेपर वाच."

पुढे थोरलीची आयाळ झडायला लागली. खरारा करावा तर केसांचे पुंजके हातात.

"बघा, कमीच पडतंय!" सासूबाई म्हणाल्या आणि चमच्याची वाटी झाली. शेपूट विरळ झालं तसं भाऊजींनी टॉनिक दुप्पट केलं. (माझे केस कैक वर्षं झडताहेत. मला कुणी चमचाभर तेल विचारलेलं नाही.)

शेवटी मी एक दिवस दोन्ही डबे उचलले, धान्याच्या कपाटात टाकले, कुलूप लावलं आणि किल्ली कमरेला खोचली. कुणाला बोलले नाही. बोलून आजवर काय दिवे लागले होते?

डबा कुठंय म्हणून एकानेही विचारलं नाही. मला वाटलं, चला, जिंकले. आपल्या घरात विचारतच नाहीत, हे मीच विसरले.

थोडे दिवस गेले आणि एका सकाळी थोरली गाडीपाशी येईनाच. पाय टेकवायची न् उचलायची. खुराच्या वरच्या बाजूला आडवी चीर गेलेली. हे तिच्या पायाशी बसले ते उठेचनात. मला तर गलबलूनच आलं. या घरात आले तेव्हा माझ्याकडे बघून मान हलवणारी ही एकटीच होती. मी डोळे पुसले आणि जनावरांच्या डॉक्टरीणबाईंना बोलावून आणलं.

"खायला काय काय देता?"

"नुसता खुराक आणि गवत," मी ठणकावून सांगितलं.

हे खाकरले. "एक डबा... गाडीच्या सीटखाली आहे."

"माझा माळ्यावर आहे, वहिनी," भाऊजी जमिनीकडे बघत म्हणाले.

सासूबाई आत गेल्या आणि उशीखालचा डबा घेऊन आल्या.

डबा दिसत नाही, म्हणजे बाकीच्यांनी देणं सोडलं, आता थोरलीचं सगळं आपल्यावरच, असं तिघांनाही वाटलं होतं, हे त्यांनीच बाईंना सांगितलं. म्हणून तिघांनीही नवे डबे आणले होते आणि तिघेही तिन्ही वेळा घालत होते.

बाईंनी डबे ओळीने मांडले, पोतंही वाचलं. "सगळ्यांत सेलेनियम आहे. ते कणभर लागतं. त्याच्यावर गेलं की विष. केस झडतात, खूर फाटतात. आता सगळं बंद. हे पोतंसुद्धा. साधं गवत, पाणी आणि चाटायला मिठाचा खडा. रक्त तपासून घेऊ, मग काय कमी आहे ते मी सांगेन. पुढे जे द्यायचं ते एकाच माणसाने, मोजून."

"वाचेल ना हो?" ह्यांचा आवाज फाटला.

"तशी वेळेवर सापडलीय. पण नवा खूर वाढून यायला बरेच महिने. तोवर गाडी नाही."

मी एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. "सांगत नव्हते मी?"

"पण आधीचे डबे गेले कुठे?" बाईंनी विचारलं. (परक्या ना, त्यांना विचारायची सवय.)

मी कमरेची किल्ली काढली.

सासूबाईंच्या अंगात बळ आलं. "म्हणजे डबे हिने लपवले! डोळ्यांसमोर असते तर कळलं नसतं का, कोण किती घालतंय ते?"

ह्यांनी मान डोलावली. भाऊजींनी डोलावली. थोरलीनेही डोलावली, पण ते माश्यांमुळे असावं.

आता तिची आयाळ दात घासायच्या ब्रशाएवढी आलीय. पाव हातगाडीवरून जातात. हे पुढून ओढतात, मी मागून ढकलते. खुराक कुणालाच नाही. आणि सासूबाई दारात बसून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात, "खुराकात घोळ झाला हो. मुकं जनावर, मरता मरता वाचलं."

"अरेरे! कुणी केला घोळ?"

"कोण करणार? धाकटी."