फवारणी पंपावरची जांभळी तलवार

दौलतरावांनी ठरवलं ते एवढंच, की नातीला एक तलवार करून द्यायची. माणूस बासष्ट वर्षांचा, कामरगावच्या वेशीलगत दोन एकरांत वांगी, मेथी न् सांबार, म्हणजे कोथिंबीर, पिकवणारा, आणि आयुष्यात बैलावरसुद्धा हात न उगारलेला. अशा माणसाने तलवारीच्या फंदात पडायचं गावात तरी काही कारण नव्हतं. कारण पुण्यात होतं.

पुण्यात मुलगा धीरज, सून, आठ वर्षांची नात राधिका, आणि जून महिन्यापासून दौलतरावांची बायकोही. सुनेला नोकरी लागली, राधिकाची शाळा सुरू झाली, तेव्हा विजयमालाबाई 'पंधरा दिवसांत येते' असं सांगून गेल्या होत्या. आता दिवाळी तोंडावर आली, तरी ते पंधरा दिवस काही संपले नव्हते.

दौलतराव सकाळी भाजी तोडत, बाजारात पाठवत आणि संध्याकाळी घरी येऊन पिठलं करत. (निदान ते स्वतः त्याला पिठलं म्हणत.) मग लोणच्याच्या बरणीला मोबाइल टेकवून व्हिडिओ कॉल लावत आणि त्याच्यासमोर बसून जेवत. बरणीतलं लोणचं श्रावणातच संपलं होतं, पण मोबाइल टेकवायला तिच्याइतकं सोयीचं घरात दुसरं काही नव्हतं.

"जेवले काय?" विजयमालाबाई रोज विचारत.

"जेवलो ना. भाजी, पोळी, वरण, भात," दौलतराव पिठल्याचं ताट मोबाइलच्या आड सरकवत सांगत.

घर तीन खोल्यांचं, पण ती गेल्यापासून उगाच मोठं झालं होतं. रात्री टीव्ही बंद केला की दौलतरावांना अगदी एकटं वाटे, आणि तिची फार आठवण येई. 'तू ये' एवढे दोन शब्द बोलले असते तर काम झालं असतं. पण चाळीस वर्षांत ती कुठं गेलीच नव्हती, त्यामुळे ते दोन शब्द म्हणायची त्यांना सवय नव्हती.

मार्ग निघाला तो धीरजच्या तोंडून. "दिवाळीला यायचं पाहू बाबा. पण राधिका हो म्हणाली तर. तिला गावात बोअर होते."

"आबा, तिथे काहीच नसतं," राधिकाने मोबाइलमध्ये नाक घालून सांगितलं.

"काय पाह्यजे तुले? सांग."

"लाइटची तलवार! माझ्या सगळ्या मैत्रिणींकडे आहे. पण मला जांभळी हवी, जांभळी कुणाकडेच नाहीये. तू बनवलीस तर येईन. आधी दाखव मात्र."

दौलतरावांनी हिशेब लावला. तलवार जांभळी झाली की राधिका येणार, राधिका आली की धीरज येणार, आणि धीरज आला की विजयमालाबाई काही पुण्यात एकट्या राहणार नाहीत. म्हणजे सगळं त्या एका रंगावर येऊन थांबलं होतं.

तलवारीचं पातं झालं गोठ्यातल्या जळालेल्या एलईडी ट्यूबच्या दुधी प्लास्टिकचं. मूठ झाली जुन्या फवारणी पंपाच्या दांडीची. राहिले दिवे. त्यासाठी दौलतराव स्टँडजवळच्या लखीरामच्या दुकानात गेले. हा लखीराम ट्रॅक्टरवर आणि बँडच्या गाडीवर रंगीत एलईडीच्या पट्ट्या लावून देई. रंगातलं त्याला सगळं कळतं असं गावात मानत, आणि लखीरामही मानत असे.

"जांभळा लाइट दे."

"कोणता जांभळा? वांग्याचा का जांभळाचा?"

दौलतरावांनी आपल्या वाडीतली वांगी डोळ्यांपुढे आणली, बराच विचार केला आणि म्हणाले, "वांग्याचा. कवळ्या."

घरी येऊन पट्टी पात्यात सरकवली, तिची वायर फवारणी पंपाच्या बॅटरीला जोडली. अंगण असं जांभळं झालं की दौलतराव एकटेच हसले. लगेच कॉल लावला.

"आबा, ही ट्यूबलाइट आहे," राधिका म्हणाली.

"अवो पोरी, नीट पाह्य! जांभळी हाये."

"पांढरी आहे. आजी, बघ ना."

विजयमालाबाईंनीही पाहिलं आणि 'ट्यूबलाइटच हाय' असा निकाल दिला. दौलतरावांनी डोळे चोळून तलवारीकडे पाहिलं. जांभळी. मोबाइलमध्ये कोपऱ्यात आपलं चित्र पाहिलं. तिथं हातात पांढरी ट्यूब घेतलेला एक म्हातारा उभा होता.

दुसऱ्या दिवशी ते लखीरामसमोर हजर. "उजेड कमी पडून राह्यला लखीराम. पुण्यापर्यंत रंग पोचूनच नाही राह्यला."

"मंग डबल पावरचा घ्या ना!"

डबल पॉवरचा आणला, तर तलवार आणखी पांढरी. तिप्पट आणला, तर पुण्यात राधिकाने डोळ्यांवर हात घेतला. जांभळ्यातच खोट असेल म्हणून तांबडा आणून पाहिला, मग बँडवाल्यांचा निळा, मग हिरवा. अंगणात एकेक रंग असा खुले की बघत राहावं, आणि पुण्यात मात्र चारही रंगांच्या चार ट्यूबलाइटी पोचत. (दिवा जेवढा झगझगीत, तेवढा मोबाइलचा कॅमेरा दिपून त्याला पांढरा दाखवतो, हे दौलतरावांना माहीत नव्हतं. लखीरामला माहीत असावं. पण त्याचं दुकान होतं.)

शेवटी लखीरामने कपाटातून एक पट्टी काढली. "हा सगळ्यात कडक जांभळा. याच्याकडे टक लावून पाहू नका. अन् मांगं काया कपडा टांगा, मंग पाहा रंग कसा उठते!"

काळा कपडा. घरात तसा एकच होता. भिंतीवरच्या फोटोमागच्या खिळ्यावरची किल्ली काढून दौलतरावांनी कपाट उघडलं आणि विजयमालाबाईंची संक्रांतीची काळी साडी बाहेर काढली. घडीचा वास त्यांनी क्षणभर घेतला. मग ती अंगणातल्या दोरीवर पसरली.

दिवेलागणीला सगळी तयारी झाली. वायर आखूड होती म्हणून पंप पाठीवर चढवला. ओट्यावर बरणी, बरणीला मोबाइल, मागे साडी, हातात तलवार. कॉल लागला, बटण दाबलं.

"ट्यूबलाइट," राधिका म्हणाली.

दौलतरावांचा हात खाली आला. तेवढ्यात एक पाकोळी पात्यावर बसली. मग दहा बसल्या. मागच्या बाजूला पंजाबरावांची तूर फुलावर होती. तिच्यातले तुडतुडे, पतंग, भुंगे, जे काही उडू शकत होतं ते सगळं त्या कडक जांभळ्यावर तुटून पडलं. बघता बघता पातं किड्यांनी भरलं, उजेड मंदावला, आणि पुण्यात किंकाळी उठली.

"आबा! जांभळी! आजी, जांभळी झाली!"

"सांगत होतो ना!" दौलतरावांनी तलवार उंच केली. "आता ये तू! कधी येतं सांग!"

त्याच क्षणी एक भुंगा त्यांच्या सदऱ्यात शिरला. दौलतराव उडाले, वाकले, गिरकी घेतली, तलवार डावीकडे उजवीकडे फिरवली. राधिकाला वाटलं आबा लढतोय. ती टाळ्या पिटू लागली. कुंपणावरून पंजाबरावांनी डोकं काढलं. "दौलतराव, अंगनात कायले फवारून राह्यले? अन् नाचून काहून राह्यले?"

"काई नाई! तुमचेच पाहुणे आले हायेत!"

आणि मग एक टोळ येऊन मोबाइलच्या कॅमेऱ्यावर बसला. पुण्यात तो म्हशीएवढा दिसला असावा. राधिका जी ओरडली ती थांबेचना. "ई! मी नाही येणार! तिथे राक्षस किडे आहेत! बाबा, नाही जायचं!"

"अवो, थो तर टोळ होय, काई करत नाई..." दौलतराव विनवू लागले. पण राधिका पळून गेली होती. मोबाइलमध्ये आता विजयमालाबाईंचा चेहरा होता, आणि तो दौलतरावांकडे नव्हे, त्यांच्या मागे पाहत होता.

"मांगं काय टांगलं थे?"

"पडदा हाये."

"पडद्याले जरीचे काठ कायले?"

साडी झाकायला दौलतराव एक पाऊल बाजूला सरकले. कॉल बंद झाला. त्यांनी तलवार विझवली आणि पंप पाठीवर तसाच ठेवून ओट्यावर बसून राहिले. दिवाळी हातची गेली होती. इतकं करून शेवटी बायकोला आपलाच राग आला, याचं त्यांना फार वाईट वाटलं. त्या दिवशी त्यांनी पिठलंही केलं नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी दारात ऑटो थांबला. विजयमालाबाई उतरल्या. एकट्याच, हातात एक पिशवी.

"तू आली?" दौलतराव पुढं होऊन पिशवी घेऊ लागले.

"साडीसाठी आली," त्या म्हणाल्या आणि सरळ अंगणात गेल्या. साडीवर किड्यांचे हिरवे पिवळे डाग होते. त्यांनी ती भिजवली, घासली, वाळत घातली. मग स्वयंपाकघरात गेल्या. तिथं बुडाशी करपलेल्या तीन कढया होत्या, आणि लोणच्याची रिकामी बरणी. त्यांनी बरणीचं झाकण काढून आत पाहिलं. नंतर परातीत कणीक घेतली.

"बारीक झाले तुमी," पोळी वाढताना त्या म्हणाल्या.

दौलतरावांनी त्या दिवशी सात पोळ्या खाल्ल्या. दिवाळी दोघांचीच झाली, पण झाली. बरणी भरली गेली. भाऊबीज आटोपली, पुण्यात शाळेची सुट्टी संपत आली, आणि विजयमालाबाई 'पंधरा दिवसांत येते' म्हणून पुन्हा निघाल्या. जाताना राधिकासाठी तलवार घेऊन गेल्या. (पंप दौलतरावांनी ठेवून घेतला; लखीरामने मुठीत छोटी बॅटरी बसवून दिली होती.)

दोन दिवसांनी संध्याकाळी कॉल आला. राधिका गादीवर उभी राहून तलवार फिरवत होती. दौलतरावांना मोबाइलमध्ये पांढरीशुभ्र ट्यूबलाइट दिसली.

"आबा, खरंच जांभळी आहे रे! तुला दिसते का?"

"दिसते ना! एकदम कवळ्या वांग्यावानी."

मग विजयमालाबाई आल्या. "जेवले काय?"

"जेवलो. भाजी, पोळी, वरण, भात." बोलता बोलता दौलतराव मागे सरकत गेले. काळ्या साडीसाठी ती पुण्याहून आली होती, आणि कपाटात तिची एक डाळिंबी पैठणीही होती, हे त्यांना दुपारपासून आठवत होतं. त्यांनी हात मागे करून फोटोमागचा खिळा चाचपला. खिळा मोकळा होता.

"काय शोधून राह्यले तिथं?" पुण्याहून आवाज आला. "किल्ली माह्यापाशी हाय."

"किल्ली कायले पाह्यजे मले?" दौलतराव घाईघाईने म्हणाले. "मीठ पाहून राह्यलो. पिठल्यात कमी पडलं."