तीनशे बारा मुली

शासनाचं सांख्यिकी विवरणपत्र रवाना होऊन तीन दिवस झाल्यावर चोपड्याच्या कॉलेजातल्या रुपचंद क्लार्कनं सहज कार्बन कॉपी उघडली आणि त्याच्या हातातला चहा तसाच राहिला. दरवर्षी आधी पुरुषांचा रकाना असे. यंदा स्त्रियांचा आधी छापला होता. रुपचंदनं मात्र सवयीनं टाइप केलं होतं. म्हणजे कागदोपत्री कॉलेजात तीनशे बारा मुली आणि एकोणीस मुलगे शिकत होते.

त्या दिवसापासून त्याचं चित्त ठिकाणावर राहिना. पोस्टमन दिसला की तो टाइपरायटरमागं वाकायचा. घरी बायकोनं, ताईबाईनं, विचारलं, तर म्हणाला, "काही नाही, पित्त आहे."

महिन्याभरानं धुळ्याच्या शिक्षण कार्यालयाचं पत्र आलं. विद्यार्थिनींच्या प्रमाणात आपलं कॉलेज पहिलं. प्राचार्यांनी परिसंवादात येऊन अनुभव सांगावेत.

प्राचार्य धनसिंग सरांनी ते दोनदा वाचलं. "बघ रुपचंद, मुलींना शिकवा म्हणून मी गावोगाव भाषणं देत होतो, तेव्हा तुम्ही हसत होतात."

"सर, त्या आकड्यांचं जरा..."

"आकडे तू बघ, भाषण मी पाठ करतो. तू सोबत चल."

धुळ्याच्या एसटीत रुपचंदनं तीनदा तोंड उघडलं. अमळनेरपर्यंत सर भाषण पाठ करत होते, तिथून पुढे ते झोपले. परिसंवादात शाल मिळाली, पेपरवाल्यांनी टिपून घेतलं. परतीच्या वाटेवर रुपचंदनं एका दमात सगळं सांगून टाकलं.

सरांनी मांडीवरची शाल घडी करून पिशवीत ठेवली. मग म्हणाले, "पुढच्या वर्षी नीट भर. तोवर गप्प बैस."

पण पेपरात आकड्यांसकट छापून आलेली बातमी गप्प बसली नाही. जूनमध्ये अभिमन आबा सातपुड्याच्या पायथ्याच्या गावाहून लेकीला घेऊन आले. लेक मंजुळा गुणपत्रिका छातीशी धरून दाराशी उभी होती.

"भाऊ, तुमना कालेजमा बठ्ठ्या पोरीच शेतस ना?" आबांनी विचारलं. "मंग मनी पोर धाडाले काय हरकत शे?"

रुपचंदनं पेन खाली ठेवलं. खरं सांगावं, तर आबा त्याच पावली परत जाणार. त्यानं आबांच्या मागं, व्हरांड्यात नजर टाकली. पेपराची घडी बगलेत मारलेले आणखी आठ बाप लेकींना घेऊन बसले होते.

"बघा ना आबा," तो म्हणाला, "पोरीच पोरी आहेत." आणि त्यानं प्रवेशाचे अर्ज पुढे केले.

सप्टेंबरपर्यंत एकशे अठरा मुली झाल्या. सायकलस्टँडवर जागा पुरेना, मुलींची खोली दोनदा बदलावी लागली. या वेळी रुपचंदनं रकान्यांवर पट्टी ठेवून फॉर्म भरला, सरांनी स्वतः तपासला. त्या रात्री त्याला वर्षात पहिल्यांदा शांत झोप लागली.

दिवाळीनंतर धुळ्याहून पत्र आलं. मागील वर्षी विद्यार्थिनी तीनशे बारा, चालू वर्षी एकशे अठरा. एवढी गळती होण्याची कारणं आठ दिवसांत कळवावीत.

रुपचंदनं टाइपरायटरमध्ये कागद चढवला. "काय लिहू, सर?"

धनसिंग सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"आता खरंच लिही बाबा," ते म्हणाले. "गेल्या वर्षीच्या सर्व विद्यार्थिनी पुरुष होत्या."