कूळ कळल्याशिवाय कढईत नाही

आमचे चामराजपेटचे शेजारी हणमंतअण्णा मासळीबाजारात भिंग घेऊन जात. बाकीचे लोक कल्ले उघडून मासा ताजा आहे का ते पाहतात. अण्णा त्याची बोटं मोजत. "कूळ कळल्याशिवाय कढईत नाही," हे त्यांचं ब्रीद. मासा तळायचाय की त्याला मुलगी द्यायचीय, असं मासळीवाल्यानं त्यांना एकदा विचारलंही होतं.

चिकपेटेत त्यांचं शिलाईच्या दोऱ्यांचं दुकान होतं, त्यामुळे माशांतही दोरेवाल्यांवरच जीव. या माशांना छातीच्या परांखाली सुटे तंतू असतात. अण्णा त्यांनाच बोटं म्हणत. चार असली तर रावस. पाच, सहा किंवा जास्त असली तर बहुधा पॉलिडॅक्टिलस, म्हणजे पुष्कळ बोटांचा. पूर्वी ही सगळी मंडळी पॉलिनेमस नावाच्या एकाच घरात नांदायची. मग पंडितांनी वाटण्या केल्या, आणि त्या वाटण्या अण्णांना आपल्याच भावकीतल्या असल्यासारख्या तोंडपाठ होत्या.

"गढूळ पाण्यात डोळे चालत नाहीत," ते म्हणाले, "म्हणून हा बोटांनी चाचपत खाणं शोधतो."

मी थक्क झालो. जन्मभर हा मासा खाल्ला, पण त्याच्याकडे कधी धड पाहिलं नव्हतं.

घरोघरी नुकताच केबल टीव्ही आला होता. रविवारी सगळा मोहल्ला त्यासमोर बसलेला असताना मी अण्णांबरोबर बाजारात गेलो. त्यांनी एक मासा निवडून माझ्या हातात भिंग दिलं. पाच तंतू नीट होते आणि शेजारी बर्फात मोडलेल्या सहाव्याचा खुंट. सहाच, अण्णा म्हणाले, खांद्यावर काळा ठिपकाही आहे, संशयच नको.

घरी गंगाक्का वाट पाहत होत्या. अण्णांच्या या पत्नी मूळच्या कारवारच्या. दोन वर्षांपूर्वी त्यांचे दोन्ही डोळे गेले होते. अण्णांनी मासा त्यांच्या पुढ्यात ठेवला आणि ठामपणे सांगितलं, "पाच बोटांचा."

मी तोंड उघडणार, तोच त्यांनी माझा गुडघा दाबला.

अक्कांची बोटं माशावरून हलकेच फिरली आणि थांबली. "स्वल्प थांबा. सहावं मोडलंय की. खुंट हाताला लागतोय." त्या हसल्या, भिंग विकून टाका म्हणाल्या, आणि भिंत धरत स्वतःच मसाला वाटायला गेल्या. त्या बोटांपुढे हात जोडावेसे वाटले मला.

अण्णा मला दारापर्यंत सोडायला आले.

"डोळे गेले तशी ती चुलीकडं फिरकेना. आता माझा काय उपयोग, म्हणायची. एकदा मोजताना मी खरंच चुकलो. तिनं ते पकडलं नि कितीतरी दिवसांनी हसली. तेव्हापासून दर रविवारी चुकतो."

अण्णांनी भिंग धोतराला पुसलं.

"पुढच्या रविवारी या. रावस आणू, चार बोटांचा. पण त्याला सहा म्हणायचं नाही हं, तिला कळेल. पाचच म्हणू."