जावईबापूंची दुसरी वायर

"एक वायर तुटली तरी तुला कळणारसुद्धा नाही," असं जावईबापूंनी बायकोला छातीठोकपणे सांगितलं, तेव्हाच खरं तर तिने लॅपटॉप उचलून शेजारी जायला हवं होतं. पण नवरा नेटवर्क इंजिनिअर. त्याच्यावर भरवसा नाही ठेवायचा तर कुणावर? आणि लॅपटॉपवरून द्यायची ही नोकरीची मुलाखत साधीसुधी नव्हती. मुलांपायी नोकरी सोडलेल्या बाईला इतक्या वर्षांनी कुणीतरी विचारलं होतं. ही संधी हुकली तर पुन्हा कोण दारात उभं करतंय, या धास्तीने बिचारी सकाळपासून उत्तरं घोकत होती.

जावईबापू सासऱ्यांच्याच घरात खालच्या मजल्यावर राहायचे, म्हणून सगळी गल्ली त्यांना याच नावाने ओळखे. घरात तीन स्विच होते. स्विच म्हणजे दिव्याचं बटण नव्हे. वायरी खुपसायचा, हिरवे दिवे लुकलुकणारा डबा. एक हॉलमध्ये, जिथे इंटरनेट येतं. एक बायकोच्या खोलीत. आणि एक जुनापुराणा, वर सासऱ्यांच्या टीव्हीमागे. यांनी तिघांना वायरींनी गोल जोडलं, म्हणजे एक वायर गेली तर दुसरी हजर. आता गोल जोडलं की माहिती आत गरगरत बसते आणि सगळं ठप्प होतं. त्यावर उपाय म्हणजे मल्टिपल स्पॅनिंग ट्री नावाची व्यवस्था. त्यात डबे आपसांत एक प्रमुख निवडतात आणि जास्तीची वायर झोपवून ठेवतात. जावईबापूंनी सगळं झोकात बसवलं. प्रमुख कुणाला करायचं, तेवढं सांगायचं राहिलं. आणि सांगितलं नाही, तर हा मान बहुधा सगळ्यात म्हाताऱ्या डब्याला जातो, आणि झोपते ती त्याच्यापासून लांबची वायर, म्हणजे इथे बायकोच्या खोलीतून थेट हॉलमध्ये जाणारी.

म्हणजे बायकोची मुलाखत आता शेजारच्या हॉलमध्ये जायला आधी वर सासऱ्यांच्या टीव्हीमागे जाऊन, मग खाली येत होती. याचा पत्ता जावईबापूंना नव्हता, सासऱ्यांना तर नव्हताच.

मुलाखत सुरू झाली. पहिली दोन उत्तरं छान गेली. तेवढ्यात वर सासऱ्यांची इंटरनेटवरची मॅच जराशी अडखळली. सासऱ्यांचा सगळ्या यंत्रांवर एकच इलाज: बटण बंद, बटण चालू. टीव्हीबरोबर त्यामागचा डबाही बंद झाला. प्रमुखच गेला म्हटल्यावर खालच्या डब्यांनी नवी निवड मांडली, आणि मुलाखत घेणाऱ्या साहेबांचं तोंड पडद्यावर उघडं ते उघडंच राहिलं. बायकोने दाराआडून नवऱ्याकडे असं काही पाहिलं, की आपलंच काहीतरी चुकलं असणार असं धरून त्यांनी हॉलमधला डबा बंद करून चालू केला. झालं, वर मॅच बंद पडली. सासऱ्यांनी पुन्हा बटण दाबलं. खाली मुलाखत थिजली. जावईबापूंनी पुन्हा डबा बंद केला. गोल फिरणं थांबवायला आणलेल्या यंत्रापायी सासरे-जावई स्वतःच गोल फिरू लागले, आणि दोघांनाही वाटत होतं, आपण दुरुस्ती करतोय.

शेवटी बायकोने लॅपटॉप मिटला, मोबाइलवरून साहेबांना गाठलं आणि जिन्याच्या मधल्या पायरीवर जाऊन बसली. साहेबांना एक मिनिट थांबायला सांगून तिने आधी वर पाहिलं, मग खाली.

"बाबा, रिमोटखेरीज कशाला हात लावू नका. आणि तू, त्या डब्यापासून लांब सोफ्यावर बस. हात मांडीवर ठेव."

दोघंही शाळकरी पोरांसारखे बसले. वर मॅच सुरळीत चालली, खाली डबे शांत झाले. साहेबांनी विचारलं, अचानक गोंधळ झाला तर तुम्ही काय करता? ती म्हणाली, "आत्ता तुम्ही ऐकलंत तेच." पलीकडे मनापासून हसल्याचा आवाज आला, आणि सोफ्यावरच्या माणसाचा जीव भांड्यात पडला.

चार दिवसांनी फोन आला. निवड झाली होती. जावईबापूंना इतका आनंद झाला की त्यांनी लगेच हॉलमधल्या डब्याला रीतसर प्रमुख केलं, तिच्या टेबलामागे एक तिसरी वायरही ओढली, आणि आता तुझं काम कसं अखंड चालेल ते तिला समजावून सांगू लागले.

तेवढ्यात ऑफिसातल्या बाईंचा पुन्हा फोन आला. त्यांनी विचारलं, "काम तुम्हाला घरून करायला आवडेल, की..."

"ऑफिसात," बायको म्हणाली. "उद्यापासून येऊ?"