कांद्याची पेशी

आयुष्यात मी एकदाच छातीठोकपणे बोललो. पेन्शनीत आल्यावर आमच्या धाड गावच्या बाजारात रंगराव पाटलांना म्हणालो, "रविवारी माझ्या घरी कांद्याची पेशी आहे. अवश्य या."

तीस वर्षं मी शाळेत फळ्यावर पेशी काढली. पेशीत केंद्रक, केंद्रकात ठिपक्याएवढी केंद्रिका. पण खरी केंद्रिका मीही पाहिली नव्हती. आता नागपूरहून जुना सूक्ष्मदर्शक मिळाला, कांद्याचा पापुद्रा खाली ठेवला, आणि काळा ठिपका दिसला. आणखी एकाने तरी तो पाहावा, एवढीच इच्छा होती.

आमच्याकडे पेशी म्हणजे कोर्टाची तारीख, हे पुस्तकांच्या नादात मी साफ विसरलो.

रंगरावांनी गावभर सांगितलं, आणि रविवारी ओटा भरला. पुढे शेजारी पुंजाजी, धुतलेल्या धोतरात, फाशीच्या कैद्यासारखा.

"मास्तर, कोर्टात काऊन गेले? खाल्ले तुमचे कांदे माह्या बकरीनं. पण मले बुलढाण्याले नका नेऊ."

मी घाबरून म्हणालो, "बकरीचं मला ठाऊकच नव्हतं."

"मंग मी कबूल काऊन झालो बे?" पुंजाजीने स्वतःलाच विचारलं.

ही पेशी कोर्टाची नाही, हा खुलासा मी तीनदा केला. शेवटी रंगरावांनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला.

"पेशी म्हणजे घर समजा," मी म्हणालो. "केंद्रक म्हणजे घरातला कर्ता. त्याच्या पोटातला ठिपका ती केंद्रिका."

"दिसला. काम काय करते तो?"

"घर चालवायची अवजारं तीच घडवते, असं पुस्तक सांगतं. पण एका पेशीच्या दोन होताना ती नाहीशी होते. सगळं आटोपलं की परत येते."

"वाटणीच्या वक्ताले गायब?" रंगराव म्हणाले. "मंग पटवारीच हाय तो."

तलाठ्यावरच्या टोल्याला ओटा खदखदून हसला. माझ्या जन्माचं सार्थक झालं.

मग पुंजाजी वाकला. बराच वेळ वाकूनच राहिला.

"मास्तर, कांदा काढा बरं खालून."

मी पापुद्रा काढला.

"पटवारी तं इथंच हाय अजून."

मी पाहिलं. ठिपका जागच्या जागी होता. उपरण्याने भिंग पुसलं. पटवारी गेला.

"म्हणजे पुरावाच खोटा," पुंजाजी ताठ उभा राहिला. "बकरीची पेशी खारीज."

माणसं उठली. आतून सत्यभामाबाई, आमच्या सौभाग्यवती, म्हणाल्या, "झाली असंन पेशी तं तो कांदा द्या इकडं. फोडणी खोळंबली."

मी दिला. चिरला त्यांनी, पाणी आलं माझ्या डोळ्यांना. कांदा फार तिखट होता, असं मी सगळ्यांना सांगतो.