दोन सेंटिमीटरवरचा पाहुणा

गोव्यातल्या नार्व्यात शैला टीचरच्या दारात उभं राहिलं की त्या आधी तुमचं अंतर सांगतात, मग नाव विचारतात. "एकशे दहा सेंटिमीटर. कोण?" असा स्वयंपाकघरातून आवाज येतो.

डिचोलीच्या आयटीआयमध्ये त्यांनी एकतीस वर्षं इलेक्ट्रॉनिक्स शिकवलं. मी त्यांचाच विद्यार्थी, आता शेजारी, आणि एका कारखान्यात मशिनं दुरुस्त करतो. निवृत्त झाल्यावर त्यांनी बाल्कांवाच्या, म्हणजे दारापुढच्या पडवीच्या, खांबावर अंतर मोजणारा सेन्सर बसवला. काडेपेटीएवढा डबा, त्याला दोन डोळे. एक डोळा न दिसणारा उजेड सोडतो, दुसरा परत आलेला झेलतो. कुणी दीड मीटरच्या आत आलं की घंटी वाजते आणि चुलीशेजारच्या पाटीवर आकडा येतो.

"गप्पा-गजाली नकोत, आकडा सांग," हे त्यांचं नेहमीचं. माझं लग्न ठरल्याचं सांगायला गेलो, तर म्हणाल्या, "मुलगी पेडण्याची? म्हणजे किती किलोमीटर?"

एकदा त्या सेन्सरवर पालीने बैठक मारली. टीचरनी पालीला हाकललं आणि डब्यावर फोटोफ्रेमची काच बसवली. त्या दिवसापासून पाटीवर एकच आकडा. दोन.

सकाळी पाववाला पोदेर आला. टीचर आतूनच म्हणाल्या, "मागे सर रे. दोन सेंटिमीटरवर आलायस."

तो फाटकापर्यंत मागे गेला.

"अजून दोनच."

तो रस्ता ओलांडून पलीकडच्या माडाला टेकला. "टीचर, आता मी रस्त्यापलीकडे आसा."

"आकडा तसं म्हणत नाही."

शेवटी बिचारा कुंपणावर उंडे पाव ठेवून निघून गेला.

घंटीही दिवसभर थांबून थांबून वाजू लागली. टीचर दर वेळी उठायच्या, दार उघडायच्या, रिकाम्या बाल्कांवाला "या, बसा" म्हणायच्या आणि दोन कप चहा ठेवायच्या. माझी बायको म्हणाली, "टीचरना काहीतरी झालंय. बघून या."

रविवारी गेलो. समजावून सांगितलं, की सोडलेला उजेड काचेवरूनच मागे फिरतो, म्हणून सेन्सरला काचच माणूस वाटते. तोंडी परीक्षा घेत असल्यासारख्या त्या गंभीरपणे ऐकत होत्या. मी जुन्या चपलेच्या काळ्या रबराची पट्टी कापली आणि दोन डोळ्यांच्या मधोमध काचेला टेकेल अशी बसवली, म्हणजे काचेवरून फिरलेला उजेड दुसऱ्या डोळ्यात जाणार नाही. घंटी थांबली. समोर उभा राहिलो, नव्वद आले. टेपने मोजलं, नव्वदच.

"पास," टीचर म्हणाल्या.

पाच दिवसांनी संध्याकाळी त्या आमच्याकडे आल्या. एरवी कुणाकडे जात नाहीत. पायरीवरच बसल्या.

"तो रबर काढ."

"आकडा चुकतोय?"

"बरोबर आहे. पाच दिवस बरोबरच आहे. सकाळी पोदेर येतो, मग दिवसभर दुसरं कोणच ना."

"पण टीचर, ती काच..."

"काचेचं मला पहिल्याच दिवशी कळलं होतं रे. एकतीस वर्षं तेच शिकवलं." त्यांनी पदराने चष्मा पुसला. "घंटी वाजली की उठायचं, केस सारखे करायचे, चहा ठेवायचा. नाहीतर उठायचं कशाला?"

मी स्क्रू-ड्रायव्हर घेऊन त्यांच्यासोबत गेलो. रबर काढून काच परत लावली आणि खाली पायरीवर येऊन उभा राहिलो. घंटी वाजली.

"या, बसा," टीचर आतून म्हणाल्या.

मी चांगला दोन मीटर लांब होतो. तरी जाऊन बसलो.